कामाकुरा पायी पाहावं

इ.स. ११८० च्या शरद ऋतूत मिनामोतो नो योरितोमो नावाचा तेहेतीस वर्षांचा बंडखोर सरदार आपलं सैन्य घेऊन जपानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान वस्तीत शिरला. त्याचं घराणं वीस वर्षांपूर्वी ताइरा घराण्याने धुळीला मिळवलं होतं. बाप मारला गेला होता आणि हा पोर म्हणून वाचला, इझूच्या द्वीपकल्पावर हद्दपारीत वाढला. बंड पुकारल्यावर पहिल्या मोठ्या लढाईत सपाटून मार खाऊन, समुद्रमार्गे निसटून, पुन्हा माणसं जमवून तो आला होता. सम्राटाची राजधानी क्योतो शेकडो किलोमीटर दूर होती, आणि त्याला नेमकं तेच हवं होतं.

ती वस्ती म्हणजे कामाकुरा. उत्तरेला, पूर्वेला आणि पश्चिमेला झाडीने गच्च भरलेले डोंगर, दक्षिणेला सागामी उपसागर. डोंगर फार उंच नाहीत, पण इतके उभे आणि इतके एकाला एक लागून आहेत की बाहेरच्या फौजेला सरळ आत येता येत नाही. आत यायचं तर कातळ फोडून काढलेल्या अरुंद खिंडींतून. अशा सात वाटा होत्या, आणि काही ठिकाणी घोडेस्वारांना एकामागून एक जावं लागे इतक्या त्या चिंचोळ्या. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या सागरी लढाईत योरितोमोच्या बाजूने ताइरांचा निकाल लावला, ११९२ मध्ये त्याला शोगुन ही पदवी मिळाली, आणि जपानचा खरा कारभार या खोबणीतल्या गावातून चालू लागला. सम्राट क्योतोलाच राहिला. सत्ता मात्र तलवारवाल्यांकडे आली आणि शहरं व घराणी बदलत पुढे जवळजवळ सातशे वर्षं त्यांच्याकडेच राहिली.

आज कामाकुराची लोकवस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास आहे आणि वर्षाला कोटीहून अधिक पाहुणे येतात. त्यातले बहुतेक महाबुद्धासमोर फोटो काढतात, कोमाची रस्त्यावर काही खातात आणि संध्याकाळी तोक्योला परततात. त्यांना गाव दिसतं, गावाची घडण दिसत नाही. ती दिसायला हवी असेल तर कामाकुरा स्थानकाच्या एक स्थानक आधी, किता-कामाकुराला उतरावं आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे, डोंगरातून समुद्राकडे चालत यावं. एका दिवसाचं हे चालणं आहे.

स्थानकाबाहेर पडलं की एंगाकुजी. देवळाच्या पायऱ्या आणि त्याचं पुढचं तळं यांच्या मधून रेल्वेचे रूळ गेलेले आहेत. १८८९ मध्ये योकोसुकाच्या नौदल तळापर्यंत लोहमार्ग टाकताना तो सरळ देवळाच्या जमिनीतून नेला. आजही गाडी जाताना फाटक पडतं आणि दर्शनाला आलेली माणसं पायऱ्यांखाली थांबतात.

एंगाकुजी १२८२ चं. मंगोल सम्राट कुब्लाई खानाच्या आरमाराने १२७४ आणि १२८१ असे दोनदा जपानवर हल्ले केले आणि दोन्ही परतवले गेले. त्यानंतर होजो तोकिमुने या राज्यकर्त्याने, चीनमधून आलेले झेन गुरू मुगाकू सोगेन यांच्या हातून हे मंदिर उभं केलं. ते युद्धातल्या मृतांसाठी होतं, आणि मृतांमध्ये जपानी योद्धे जसे धरले तसेच मंगोल बाजूने लढलेलेही धरले. युद्ध संपून वर्षच झालेलं, शत्रू पुन्हा येण्याची धास्ती कायम, अशा वेळी हा निर्णय घेतला गेला. मला कामाकुरातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते, महाबुद्धाहूनही मोठी.

या मंदिराशी भारतीय वाचकाचं आणखी एक नातं आहे. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद ज्या व्यासपीठावर बोलले, त्याच व्यासपीठावर एंगाकुजीचे तेव्हाचे मठाधिपती शाकू सोएन होते. झेनचा पाश्चात्त्य जगाशी परिचय झाला तो इथून. त्यांचं भाषण इंग्रजीत आणणारा तरुण शिष्य पुढे डी. टी. सुझुकी म्हणून जगभर ओळखला गेला. पुढच्याच वर्षी, १८९४ च्या अखेरीला, मनाने थकलेला एक शिक्षक सोएन यांच्याकडे ध्यानाला बसला. त्यातून त्याला हवं ते उत्तर मिळालं नाही. तो नात्सुमे सोसेकी. त्याने तो अनुभव सोळा वर्षांनी ‘मोन’ या कादंबरीत लिहिला. चित्रपटप्रेमींनी इथलं दफनस्थळ चुकवू नये, कारण यासुजिरो ओझू इथे आहे. त्याच्या दगडावर नाव नाही, ‘शून्य’ या अर्थाचं एकच चिनी अक्षर आहे.

रूळ ओलांडून पलीकडे गेलं की तोकेइजी. दगडी पायऱ्या, वर गवताने शाकारलेलं लहानसं दार. या दारापाशी कितीही वेळ थांबलं तरी कमीच.

तोकिमुने १२८४ मध्ये वारला. त्याची विधवा काकुसान भिक्षुणी झाली आणि तिने पुढच्या वर्षी हा भिक्षुणींचा मठ स्थापन केला. या मठाची ओळख झाली ती नवऱ्याच्या घरातून पळून आलेल्या बायकांचं आश्रयस्थान म्हणून. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, काडीमोड देण्याचा हक्क पुरुषालाच होता. त्याने साडेतीन ओळींची चिठ्ठी लिहून दिली की बाई मोकळी, नाही दिली तर जन्मभर अडकलेली. अशा बाईने तोकेइजीचं दार गाठलं की नवरा तिला हात लावू शकत नसे. पाठलाग करणारा अगदी मागे असेल, तर तिने पायातली चप्पल काढून कुंपणाच्या आत भिरकावली तरी ती आत पोचली असं धरलं जाई, अशी आठवण इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

पण दार गाठलं की सुटका झाली, इतकं ते सोपं नव्हतं. मठाची एक रीतसर यंत्रणा होती. बाईला आधी मठासमोरच्या ठरलेल्या सरायांत उतरवत, तिची हकिकत लिहून घेत, माहेरच्यांना आणि नवऱ्याला बोलावणं धाडत. समेट होतो का पाहत. पुष्कळदा इथवर आल्यावर नवरा चिठ्ठी लिहून देई. तो अडूनच बसला तर बाई मठात राही. मोजणीला तीन वर्षं, प्रत्यक्षात चोवीस महिने. ती मुदत संपली की नवऱ्याला चिठ्ठी द्यावीच लागे, कारण मठामागे शोगुनशाहीचं बळ होतं. ते बळ कसं आलं याचीही कथा आहे. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला तेव्हा पराभूत तोयोतोमी घराण्यातली एक सात वर्षांची मुलगी जिवंत ठेवून या मठात पाठवण्यात आली. तीच पुढे इथली विसावी मठाधिपती झाली. तिची दत्तक आई शोगुनची नात होती, त्यामुळे मठाच्या शब्दाला कोणी हात घालू धजत नसे.

एदो काळाच्या उत्तरार्धात या दारातून सुमारे दोन हजार बायका मोकळ्या झाल्या. १८७१ मध्ये मेइजी सरकारने मठाचा हा अधिकार काढून घेतला आणि दोन वर्षांनी स्त्रीला न्यायालयात घटस्फोट मागण्याचा मार्ग कायद्याने खुला झाला. आज इथे भिक्षुणी नाहीत. मागच्या उतारावर देवदारासारख्या उंच सुगी वृक्षांच्या सावलीत शेवाळलेली थडगी आहेत. त्यांत मठाधिपती स्त्रियाही आहेत आणि डी. टी. सुझुकीही.

इथून रस्ता चढत केंचोजीला येतो. हे १२५३ चं, जपानच्या जुन्या झेन मठांपैकी एक आणि कामाकुराच्या पाच प्रमुख झेन मठांत पहिल्या मानाचं. चीनमधून आलेले रांकेइ दोर्यू त्याचे संस्थापक. आवारातले साडेसातशे वर्षांचे ज्युनिपर वृक्ष त्यांनीच आणलेल्या बियांचे, असं मठ मानतो. मुख्य बुद्धमंदिरात बुद्धाऐवजी जिझो बोधिसत्त्व बसलेला आहे, कारण मठ होण्याआधी ही जागा गुन्हेगारांना देहान्त देण्याची होती आणि जिझो नरकातल्या जीवांचा सोबती. ज्यांना इथे मारलं त्यांच्यासाठी तो आधीपासून इथे होता. मठ आला तरी त्याला हलवलं नाही.

मागच्या धर्मसभागृहात, छतावरच्या ढगांतल्या ड्रॅगनखाली, एक मूर्ती पाहून मराठी माणूस थबकेल. बरगड्या मोजता येतील असा, पोट पाठीला लागलेला, उपवासाने झिजलेला बुद्ध. ही जपानी शैली नव्हे, ही गांधार शैली. मूळ मूर्ती लाहोरच्या संग्रहालयात आहे. ही तिची प्रतिकृती २००५ च्या आइची जागतिक प्रदर्शनात पाकिस्तानच्या दालनात होती आणि प्रदर्शनानंतर या मठाला भेट मिळाली. आता याचा दुसरा धागा पाहा. लाहोर संग्रहालयाचे एकोणिसाव्या शतकातले प्रमुख होते जॉन लॉकवुड किपलिंग, त्याआधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले शिक्षक. त्यांचा मुलगा रड्यर्ड १८६५ मध्ये मुंबईतच जन्मला. त्याने १८९२ मध्ये कामाकुराच्या महाबुद्धावर एक कविता लिहिली. पुढे ‘किम’ ही कादंबरी लिहिताना तिच्या सुरुवातीच्या प्रकरणांच्या माथ्यावर त्याच कवितेच्या ओळी घातल्या. आणि ‘किम’ सुरू होते ती लाहोरच्या त्याच संग्रहालयाच्या दारात. कविता कामाकुराहून लाहोरला गेली होती. शंभरएक वर्षांनी लाहोरचा बुद्ध कामाकुराला आला.

केंचोजीच्या नावाने ओळखलं जाणारं केंचिन-जिरू हे मुळा, गाजर, तोफू घातलेलं सूप गावात मिळतं. मुळात ते मठातलं शुद्ध शाकाहारी जेवण. बाहेरच्या हॉटेलांत मात्र रस्सा माशाच्या अर्काचा असू शकतो, तेव्हा शाकाहारी मंडळींनी विचारूनच मागवावं.

केंचोजीवरून उतरलं की त्सुरुगाओका हाचिमानगू, योरितोमोच्या घराण्याच्या युद्धदेवतेचं देवस्थान. मूळ देऊळ १०६३ पासून समुद्राजवळ होतं. योरितोमोने ते आल्याबरोबर डोंगराच्या पायथ्याशी हलवलं आणि सगळं शहर त्याच्याभोवती मांडलं. देवळापासून समुद्राकडे नाकासमोर जाणारा हमरस्ता अजून तोच आहे. त्याच्या मधोमध उंच उचललेली पायवाट आहे, तिचं नाव दांकाझुरा. ११८२ मध्ये योरितोमोची बायको मासाको गरोदर होती. तिची सुखरूप सुटका व्हावी म्हणून ही वाट बांधली, आणि तिच्यासाठी माती-धोंडे वाहायला स्वतः सरदार लागले होते. जन्मलेला मुलगा दुसरा शोगुन झाला आणि पुढे मारला गेला. धाकटा, तिसरा शोगुन सानेतोमो, चांगला कवी होता. १२१९ च्या हिमवर्षावाच्या रात्री याच देवळाच्या पायऱ्यांवर त्याच्या सख्ख्या पुतण्याने त्याचा खून केला. योरितोमोच्या वंशातले शोगुन तिथे संपले. मासाको तोवर भिक्षुणी झाली होती. तिच्या माहेरच्या होजो घराण्याने पुढची शंभर वर्षं राज्य चालवलं. सरळ बोलायचं तर कामाकुराची खरी राज्यकर्ती तीच.

त्या पायऱ्यांच्या शेजारी एक अजस्र गिंको वृक्ष होता. मारेकरी त्याच्या आड लपला होता, असं नंतरच्या काळातली लोककथा सांगे. १० मार्च २०१० च्या पहाटे वादळात तो उन्मळून पडला. खोडाचा भाग शेजारी रोवला, मूळच्या जागी मुळांतून कोंब फुटले. आज तिथे हिरवं, अंगापिंडाने भरलेलं झाड उभं आहे.

हाचिमानगूत एक जखम आहे जी फलक वाचल्याशिवाय दिसत नाही. शेकडो वर्षं हे देऊळ शिंतो आणि बौद्ध असं एकत्र होतं. आवारात बौद्ध सभामंडप आणि मनोरा होता. १८६८ मध्ये नव्या सरकारने दोन्ही धर्म वेगळे करण्याचा हुकूम काढला आणि १८७० मध्ये इथल्या बौद्ध वास्तू पाडल्या. दाराशी उभे असलेले दोन निओ द्वारपाल जवळच्या जुफुकुजी मंदिरात गेले. एकत्र नांदणारे देव सरकारी कागदावर वेगळे झाले. पण पश्चिमेच्या डोंगरात झेनिआराई बेंतेन या गुहेतल्या देवस्थानात जा: शिंतोचं तोरी आहे आणि बौद्ध उदबत्तीही जळते आहे. लोक टोपलीत नाणी-नोटा घेऊन झऱ्याच्या पाण्यात धुतात, धुतलेला पैसा वाढतो या श्रद्धेने. ज्या देवीसाठी हे चालतं ती बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. ती इथे वीणेऐवजी बिवा वाजवते, आणि पाण्याशी असलेलं नातं तिने सोडलेलं नाही.

कोमाची रस्त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दुकानं, आइस्क्रीम, गर्दी. चालता चालता खाऊ नये असं आवाहन करणारा नियम नगरपालिकेने २०१९ मध्ये केला, तो पाळावा. या भागात १२५० च्या दशकात निचिरेन नावाचा भिक्षू रस्त्यावर उभा राहून सद्धर्मपुंडरीक सूत्राचा पुकारा करत असे. राज्यकर्त्यांवर सडकून टीका केल्याबद्दल त्याला हद्दपार केलं, १२७१ मध्ये समुद्रकाठी देहान्ताच्या जागी नेलं, आणि तो वाचला. त्याच्या परंपरेतले फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले आणि त्यांचा ‘नम्-म्योहो-रेंगे-क्यो’ हा मंत्र गांधीजींच्या आश्रमाच्या प्रार्थनेत आला. वरळीच्या जपानी बुद्धमंदिरातला ढोल ज्यांनी ऐकला असेल, त्यांना त्याचा उगम या गल्ल्यांत सापडेल.

आता महाबुद्ध. कोतोकु-इन मंदिराच्या दारातून आत गेलं की तो समोरच उघड्यावर बसलेला दिसतो. ११.३ मीटर उंच, चौथऱ्यासकट १३ मीटरच्या वर, वजन सुमारे १२१ टन. हा शाक्यमुनी बुद्ध नव्हे, पश्चिमेच्या सुखावती लोकाचा अमिताभ. आधी इथे लाकडी मूर्ती होती, १२४३ मध्ये पुरी झालेली. तिच्यासाठी जोको नावाच्या भिक्षूने गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. कांस्याची मूर्ती ओतायला १२५२ मध्ये सुरुवात झाली. पन्नास येन देऊन पोटात शिरता येतं. आत अंधार आणि उकाडा असतो, पण थरावर थर ओतून ते कसे सांधले हे भिंतीवरच्या सांध्यांत स्पष्ट वाचता येतं. जरूर शिरावं.

मूर्तीभोवती एकेकाळी मोठं मंदिर होतं. चौदाव्या शतकात वादळांनी ते दोनदा मोडलं, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीला भूकंपानंतरच्या सुनामीने उरलंसुरलं वाहून नेलं, असं परंपरा सांगते. ते पुन्हा उभं राहिलं नाही. पाचशेहून अधिक वर्षं हा बुद्ध ऊन-पावसात आहे. मुलामा गेला, गालाजवळ सोन्याचे अंश तेवढे राहिले. १९२३ च्या महाभूकंपात तो जागचा सरकला. म्हणून १९६०-६१ च्या दुरुस्तीत मान आतून मजबूत केली आणि मूर्ती व चौथरा यांच्यामध्ये पोलादी पत्रा घातला, म्हणजे पुढच्या भूकंपात धक्का अंगावर न घेता मूर्ती थोडी सरकेल.

आवारात श्रीलंकेचे नेते जे. आर. जयवर्धने यांचं स्मारक आहे. १९५१ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या शांतता परिषदेत त्यांनी धम्मपदातल्या वैरत्यागाच्या शिकवणीचा आधार घेऊन, आपल्या देशाला जपानकडून युद्धाची भरपाई नको असं जाहीर केलं. जपानी माणसं या दगडासमोर थांबतात. आपणही थांबावं.

दहा मिनिटांवर हासेदेरा. इथली अकरा मुखांची कान्नोन, म्हणजे अवलोकितेश्वर, ९ मीटरहून उंच, लाकडावर सोन्याचा मुलामा. एकाच कापूरवृक्षातून दोन मूर्ती कोरल्या, एक नाराजवळ ठेवली, दुसरी समुद्रात सोडली आणि ती या किनाऱ्याला लागली, अशी कथा आहे. अकरा मुखांचा अवलोकितेश्वर भारतात दगडात कुठे पाहायचा, तर बोरिवलीच्या कान्हेरीला, ४१ क्रमांकाच्या लेण्यात. मुंबईकरांनी जपानला जाण्याआधी एखाद्या रविवारी तो पाहून ठेवावा.

हासेहून एनोदेनची छोटी गाडी घ्यावी. १० किलोमीटरचा हा मार्ग १९०२ मध्ये सुरू झाला आणि १९१० मध्ये कामाकुरापर्यंत पोचला. ती घरांच्या परसांना घासत जाते आणि अचानक समुद्रावर निघते. ‘स्लॅम डंक’ या चित्रमालिकेमुळे कामाकुराकोको-माए स्थानकाजवळच्या फाटकावर दिवसभर फोटो काढणाऱ्यांची झुंबड असते. त्याआधी इनामुरागासाकीला उतरावं. १३३३ मध्ये नित्ता योशिसादाच्या फौजेने खिंडींवर धडका दिल्या आणि ती मागे हटली. मग ओहोटीच्या वेळी, या सुळक्याच्या पायथ्याशी उघड्या पडलेल्या वाळूवरून ती शहरात घुसली. योशिसादाने तलवार समुद्राला अर्पण केली आणि पाणी हटलं, असं युद्धकथा सांगतात. ज्या समुद्राच्या भरवशावर योरितोमोने हे गाव निवडलं, त्यानेच दार उघडलं. होजोंनी आपल्या मंदिराला आग लावून सामुदायिक आत्महत्या केली.

त्यानंतर कामाकुरा हळूहळू कोळ्यांचं आणि शेतकऱ्यांचं गाव झालं. पुढे यात्रेकरू आले, रेल्वे आली, तोक्योचे श्रीमंत हवापालटाला आले, कावाबातांसारखे लेखक राहायला आले. एवढं सगळं होऊनही डोंगर हिरवे कसे राहिले, हा प्रश्न गावात फिरताना मला सतत पडत होता. त्याचं उत्तर १९६४ मध्ये आहे.

जपानमध्ये तेव्हा घरबांधणीची लाट होती. हाचिमानगूच्या मागची ओयात्सू नावाची दरी सपाट करून तिथे वसाहत उभारायचं ठरलं. गावकरी उठले. गृहिणी, डॉक्टर, भिक्षू, लेखक असे सगळेच. त्यांच्यात होते कादंबरीकार ओसारागी जिरो, ज्यांनी महाबुद्धाच्या मागे राहत असताना त्याच्यावरूनच टोपणनाव घेतलं होतं. माणसं बुलडोझरच्या वाटेत उभी राहिली. नुसता विरोध पुरणार नाही हे ओळखून त्यांनी इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टच्या धर्तीवर संस्था काढली, वर्गणी जमवली आणि १९६६ मध्ये दीड हेक्टर जमीन सरळ विकत घेतली. त्याच वर्षी संसदेने प्राचीन राजधान्यांच्या परिसराच्या रक्षणाचा कायदा केला. क्योतो आणि नारासोबत कामाकुराचे डोंगर त्याखाली आले.

२०१३ मध्ये कामाकुराचा जागतिक वारशाचा अर्ज तज्ज्ञांनी नाकारण्याची शिफारस केली. शोगुनांच्या राजधानीचे पुरेसे अवशेष शिल्लक नाहीत, असं त्यांचं म्हणणं. जपानने अर्ज मागे घेतला. अवशेषांबद्दल ते बरोबर असतील. पण वर्गणी काढून विकत घेतलेली ती दरी माझ्या लेखी कुठल्याही वारसायादीत शोभली असती.

आपल्यापैकी कोणी जपानला निघणार असेल, तर सहल आखणाऱ्याकडून कामाकुरासाठी अख्खा दिवस मागून घ्यावा. शनिवार-रविवार आणि हायड्रेंजियाच्या बहराचा जून टाळावा. एनोदेनच्या फलाटावर सुट्ट्यांत इतकी गर्दी होते की रहिवाशांना आधी आत सोडण्याचा प्रयोग नगरपालिकेला करावा लागला. तेव्हा भाजीची पिशवी घेतलेली एखादी आजी रांगेत दिसली तर तिला पुढे जाऊ द्या. १९६४ मध्ये ती कदाचित त्या बुलडोझरसमोर उभी असेल.